पंख जोडताना

विमानाचा विषय निघाला की आपण इंजिनाबद्दल बोलतो, वैमानिकाबद्दल बोलतो, तिकिटाच्या दराबद्दल तर हमखास बोलतो. पण ते दोन लांबलचक पंख मधल्या धडाला नेमके कशानं धरून ठेवलेत, हा प्रश्न खिडकीशी बसलेल्या प्रवाशालाही सहसा पडत नाही. पडला तर झोप येणार नाही, हेही खरंच. मला तो पडला एका खेळण्यामुळे. 'खेळणं' हा शब्द माझ्या भाचीला आवडत नाही. ती त्याला 'मॉडेल' म्हणते, आणि तिचंच बरोबर आहे.

भाची नववीत आहे. कळंब तालुक्यातलं गाव, घरची कोरडवाहू शेती, आणि मोबाईलवर पाहून पाहून डोक्यात शिरलेलं रेडिओवर चालणारं विमान. मोटार, बॅटरी, चार्जर, पट्ट्या हलवणाऱ्या इवल्याशा सर्व्हो मोटारी आणि हातात धरायचा रेडिओ असा सगळा मिळून साडेसात हजारांचा मामला झाला. हे २०२४ च्या हंगामातलं. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारात भाव त्याहून बराच खाली. म्हणजे विमानापायी जवळजवळ दोन क्विंटल सोयाबीन गेलं. दाजींनी पैसे दिले, पण अट घातली : "एकदाच. पडलं अन् मोडलं तर दुसरं मागायचं न्हाई." तेव्हापासून त्या घरात विमान हा शब्द जरा हळू आवाजात बोलला जाऊ लागला.

धड, शेपूट, मोटार हे सगळं तिनं आठवड्याभरात उरकलं. अडलं ते पंखांपाशी. दिवाळीच्या सुट्टीत मी तिकडे गेलो तेव्हा ओसरीवर थर्माकोलचे दोन अर्धे पंख पडलेले, आणि तिसऱ्या दिवशीही ते तसेच. तिला घाई नव्हती, याचं मला कौतुक वाटलं.

पंख जोडणं हा प्रश्न विमानाइतकाच जुना आहे. १८७१ साली आल्फोन्स पेनो नावाच्या तरुण फ्रेंच माणसानं पॅरिसच्या बागेत एक लहानसं मॉडेल उडवलं. पिळलेल्या रबरावर फिरणारा पंखा, अकरा सेकंदांचं उड्डाण, अंतर सुमारे चाळीस मीटर. त्यानं पंखांची टोकं किंचित वर वळवली होती, म्हणून ते हवेत कलंडलं तरी आपसूक सावरत असे. याच पेनोच्या रबरी खेळण्याच्या धर्तीवरचं एक खेळणं पुढे राईट बंधूंच्या वडिलांनी घरी आणलं आणि त्या दोन पोरांना वेड लागलं. रेडिओवर मॉडेल उडवणं आलं १९३७ च्या सुमारास. अमेरिकेतल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांचं 'गफ' हे त्यातलं आद्य मॉडेल. आपल्याकडे एनसीसीच्या हवाई शाखेत मुलांना मॉडेल बनवायला शिकवतात, पण ती शाखा सगळ्याच शाळांच्या वाट्याला येत नाही. धाराशिव शहराजवळ धावपट्टी आहे. लातूर, नांदेड, बारामती, यवतमाळच्या धावपट्ट्यांसोबत २००९ साली ती खासगी कंपनीला लांब मुदतीनं दिली गेली. खेड्यातल्या पोरीला तिचा उपयोग एवढाच की तिथल्या आसपास मॉडेल उडवायचं नाही, हे ध्यानात ठेवायचं.

तर पंख. एकेक अर्धा पंख साठ सेंटिमीटरचा. दोन्ही एका रेषेत सपाट चिकटवले तर विमान उडतं, पण सरळ ठेवणं नवख्या हाताला जमत नाही. म्हणून पेनोच्या युक्तीप्रमाणे उथळ 'व्ही'सारखा उठाव द्यायचा. किती? प्रत्येक बाजूला साधारण तीन अंश. कोन मोजायला कंपासपेटीतला कोनमापक पुरत नाही. मग भाचीनं हिशेब काढला : एक पंख फळीवर सपाट ठेवला, तर दुसऱ्याचं टोक सहा सेंटिमीटरवर उचललेलं हवं. ताईच्या स्वयंपाकघरातला डबा आला, तो आठ सेंटिमीटर निघाला. शेवटी पाठ्यपुस्तकांची चवड केली. विज्ञान आणि भूगोल मिळून काम झालं.

आत बांबूची कामटी घातली, पतंगाला घालतात तशीच, पण जाड. वाकण्याचा सगळा ताण पंखाच्या मधोमध, जोडावरच येतो, म्हणून कामटी एका पंखातून दुसऱ्यात गेली पाहिजे. ती मधोमध तापवून तेवढ्याच कोनात वाकवली. कामटी जोडापाशी संपवली की तिथं नुसता डिंक उरतो, आणि डिंकाच्या भरवशावर कोणी उडू नये. डिंकाचीही गंमत आहे. चपला चिकटवायचा पिवळा सोल्यूशन थर्माकोलला लावला की थर्माकोल साखरेसारखा विरघळतो. तिनं आधी तुकड्यावर लावून पाहिलं, मग दोन नळ्यांतला कालवून लावायचा एपॉक्सी वापरला आणि रात्रभर हात लावला नाही.

आता तयार झालेला अखंड पंख धडावर बसवायचा. इथं दोन पंथ आहेत : स्क्रूवाले आणि रबरवाले. स्क्रूनं पंख नेमका बसतो, दिसतोही छान. रबरवाले धडातून आरपार दोन आडव्या काड्या घालतात, एक पंखाच्या पुढे, एक मागे, आणि पंखावरून रबरबँड ताणून त्या काड्यांना अडकवतात. मी स्क्रूच्या बाजूचा होतो. एवढं महागाचं विमान आणि ते वहीच्या रबरानं बांधायचं?

दाजी तोवर बाजेवर बसून नुसतं ऐकत होते. ते म्हणाले, "पाव्हणं, गाडीचं जू काय खिळं ठोकून बसवत्यात का? नाड्यानं बांधत्यात. बैल बुजला, चाक खड्ड्यात गेलं, तर जू जरा हालाय पाहिजे. न्हाईतर बैलाची मान जाती, न्हाईतर दांडी मोडती."

मॉडेलच्या पुस्तकांतही थोड्या वेगळ्या शब्दांत हेच लिहिलेलं असतं. पंखाचं टोक जमिनीला लागलं की रबर ताणतं, पंख सरकतो किंवा सुटून बाजूला पडतो, धड वाचतं. स्क्रूवालेसुद्धा म्हणूनच लोखंडाचा स्क्रू वापरत नाहीत. नायलॉनचा वापरतात, तो आधी तुटावा म्हणून. जोड कुठं तुटावा हे आधीच ठरवून ठेवायचं, ही कल्पना मला फार आवडली.

पण जमिनीवर सुटणारा जोड हवेत सुटता कामा नये. तिचं विमान बॅटरीसकट एक किलोचं. सरळ उडताना पंखांवर एक किलोचा भार असतो. विमान साठ अंशांत कलवून उंची न गमावता वळवलं की तोच भार दुप्पट होतो, आणि सूर मारून झटक्यात वर घेतलं तर त्याहून कितीतरी जास्त. त्या क्षणी रबर कमी पडलं, तर पंख एकीकडे आणि फिरत्या पंख्यासकट धड दुसरीकडे. खाली गावातली पंधरा-वीस पोरं माना वर करून उभी असणार. दोन क्विंटल सोयाबीनपेक्षा मला भीती होती ती याची. म्हणून सुमारे बारा रबरं, आणि शेवटची दोन तिरपी, फुलीसारखी, म्हणजे खालची जागची हलत नाहीत. रबरं नवी हवीत. आपल्याकडच्या उन्हात वर्षभर दुकानात टांगलेलं रबर ताणलं की बारीक चिरा दिसतात. तिनं प्रत्येक रबर उजेडात ताणून पाहिलं, आणि दोन पुड्यांतली निम्मी बाद केली.

पंख बसला म्हणजे सरळ बसला असं नाही. शेपटीच्या मधोमध टाचणी टोचून तिला दोरा बांधला आणि दोऱ्याचं टोक आधी डाव्या पंखाच्या टोकाला, मग उजव्या टोकाला लावून पाहिलं. "मामा, हालू नका की!" असं मला तीनदा ऐकावं लागलं. चार मिलिमीटरचा फरक निघाला. पंख तेवढा फिरवून पुन्हा मोजलं. मग बसवलेल्या जागी धडावर आणि पंखावर पेनाच्या खुणा केल्या, म्हणजे पुढच्या वेळी मोजायला नको. पाठीमागून एक डोळा मिटून पाहिलं, तर शेपटीची आडवी पट्टी आणि पंखांची दोन्ही टोकं समतोल.

नंतर तोल. पंखाची रुंदी वीस सेंटिमीटर. पुढच्या कडेपासून पाच-सहा सेंटिमीटरवर दोन्ही बाजूंना खालून एकेक बोट लावून विमान उचलायचं. नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. शेपूट जड असेल तर विमान ऐकत नाही. बॅटरी बोटभर पुढे सरकवली आणि जमलं.

सगळ्यात शेवटी वायर. पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांची, म्हणजे एलेरॉनची, वायर धडातल्या रिसीव्हरला लावायची असते. दांडी उजवीकडे नेली की उजवी पट्टी वर आणि डावी खाली. हे उलटं जुळलं तर उड्डाण काही सेकंदांचंच. तिनं हे रोज तपासायचं ठरवलं, आणि दारावर खडूनं लिहून ठेवलं.

इथं कांदिवलीच्या चारकोपमधले कॅप्टन अमोल यादव आठवतात. त्यांनी घराच्या गच्चीवर खरंखुरं सहा आसनी विमान बांधलं, आणि २०१६ साली ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. गच्चीवरून ते सुटं करूनच उतरवावं लागलं. ज्याला विमान घरी बांधायचं आहे, त्याला ते सोडायचं कसं याचाही विचार करावा लागतो. भाचीचं विमान तर एसटीच्या दारातून जायला हवं होतं.

२०२१ च्या ड्रोन नियमांत शिक्षणासाठी किंवा हौसेसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या, पंचवीस किलोंपर्यंतच्या मॉडेलना वेगळं स्थान आहे. मोकळ्या, म्हणजे नकाशावर हिरव्या भागात उंचीची मर्यादा १२० मीटर. तिचा त्याच्या निम्म्यानंही जायचा विचार नव्हता.

सोयाबीन निघालेलं, पाळी घातलेलं मऊ रान. सकाळी सात. बालाघाटच्या या पठारावर दहानंतर वारा उठतो, त्याच्या आत उरकायचं. पोरांना बांधापलीकडे उभं केलं. दोनदा मोटार बंद ठेवून नुसतं हातानं ढकलून पाहिलं, विमान अलगद तरंगत ढेकळांवर उतरलं. तिसऱ्यांदा मोटार लावली.

साडेतीन मिनिटं. दाजी सगळा वेळ विमानाकडे नव्हे, तिच्या अंगठ्यांकडे बघत होते. उतरताना ते जरा लांब गेलं, डाव्या पंखाचं टोक बांधाला लागलं, आणि रबरं सुटून पंख उडून बाजूला पडला. पोरांनी "मोडलं, मोडलं" असा गिल्ला केला. ती धावली नाही. चालत गेली, धड उचललं, पंख उचलला, जोड डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, आणि ढेकळांत पडलेली रबरं मोजू लागली.

दहा सापडली. दाजी खाली बसून उरलेली दोन शोधत होते.