उंदरांवरची टेस्ट माणसाला लागू होते का? एका सॉल्व्हंटची गोष्ट

'उंदरांवर प्रयोग, घातक परिणाम उघड' अशी हेडलाइन आली की कमेंट्समध्ये दोन गट पडतात. एक घाबरतो. दुसरा विचारतो, "आपण काय उंदीर आहोत का?" टू-मेथॉक्सीइथेनॉल नावाच्या सॉल्व्हंटची केस पाहिली, तर दोन्ही गटांची पंचाईत होते.

हा एक रंगहीन द्रव. पाण्यात मिसळतो आणि रेझिनही विरघळवतो, म्हणून रंग, वॉर्निश, छपाईची शाई यांत तो वापरला जायचा. तो ज्या ग्लायकॉल ईथर कुटुंबातला आहे, त्यातली सॉल्व्हंट्स कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यांतही होती. त्याची वाफ श्वासातून आत जातेच, पण द्रव कातडीतूनही सहज शिरतो.

आता, उंदराची रोगप्रतिकारशक्ती मोजतात कशी? आधी काही दिवस सॉल्व्हंटचा ठरावीक डोस देतात. मग मेंढीच्या तांबड्या रक्तपेशींसारखं काहीतरी टोचतात. त्याने आजार होत नाही, पण शरीर त्या पेशींना परकं समजून अँटिबॉडी बनवतं. त्या किती बनल्या याची तुलना सॉल्व्हंट न दिलेल्या उंदरांशी होते. शेवटी थायमस, प्लीहा, यकृत, वृषण अशा अवयवांचं वजन करतात. थायमस ही छातीतली छोटी ग्रंथी. टी-पेशी तिथे तयार होतात. ती नुसत्या ताणानेही आक्रसते, म्हणून एकट्या वजनावर निकाल देत नाहीत.

टू-मेथॉक्सीइथेनॉल दिलेल्या रॅटमध्ये थायमस लहान झाली, अँटिबॉडी घटल्या, वृषणांना इजा झाली. पण माऊसमध्ये अँटिबॉडी तशा घटल्या नाहीत! (मराठीत आपण दोघांनाही उंदीरच म्हणतो, पण रॅट मोठा, माऊस छोटा, आणि दोन्ही प्रजाती वेगळ्या.)

मग खरं कोणाचं मानायचं? उत्तर पचनाच्या रसायनात दडलं होतं. खरा त्रास मूळ द्रवाचा नव्हताच. दारू पचवणारं एन्झाइम, अल्कोहोल डिहायड्रोजिनेज, या द्रवाचं रूपांतर सुरू करतं आणि शेवटी मेथॉक्सीॲसेटिक ॲसिड तयार होतं. रॅटमध्ये हे एन्झाइम औषधाने रोखलं, तेव्हा त्यांची प्रतिकारशक्ती वाचली.

हे एन्झाइम माणसातही आहे. शिवाय माणसाच्या शरीरात त्या ॲसिडचं प्रमाण निम्मं व्हायला सुमारे ७७ तास लागतात, रॅटमध्ये त्याहून बराच कमी वेळ. म्हणजे सोमवारी शरीरात गेलेलं शुक्रवारपर्यंत साठत राहतं. इथे 'आपण काय उंदीर आहोत का' हा प्रश्न उलटा पडतो.

अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेने, नायॉशने, १९८३ मध्येच इशारा दिला होता. प्राण्यांवरच्या प्रयोगांत वृषणांना आणि गर्भाला इजा दिसत होती. १९८६ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या चिप कारखान्यातल्या महिला कामगारांमध्ये गर्भपाताचं प्रमाण जास्त असल्याचं समोर आलं. १९९२ मध्ये आयबीएमसाठी झालेल्या आणि अमेरिकी सेमीकंडक्टर उद्योगाच्या संघटनेने करवलेल्या अभ्यासांतही तेच दिसलं. त्यानंतर कंपन्यांनी ही सॉल्व्हंट्स मोठ्या प्रमाणावर बदलली. इशारा आणि या निकालांमध्ये नऊ वर्षं गेली, आणि त्या काळात कामगार तिथेच राबत होत्या.

पण घाबरणाऱ्या गटासाठी याच कुटुंबातलं दुसरं उदाहरण आहे, टू-ब्यूटॉक्सीइथेनॉल. ते दिलं की रॅटच्या तांबड्या पेशी फुटतात. माणसाच्या पेशी मात्र त्याला कितीतरी जास्त दाद देत नाहीत. अमेरिकेने २००४ मध्ये ते घातक वायुप्रदूषकांच्या यादीतून काढलं. काच आणि फरशी पुसायच्या अनेक क्लीनरमध्ये ते वापरलं जातं. अर्थात बाटलीतून प्यायलं, तर माणसालाही विषबाधा होतेच.