मोजल्याशिवाय हात लावायचा नाही

मार्च महिना मंगळवेढ्यात दुहेरी धावपळीचा असतो. शिवारात मालदांडी ज्वारीची काढणी-मळणी उरकत आलेली असते आणि गावात ज्याच्याकडे संगणक आहे त्याला मार्चएंडनं घेरलेलं असतं. पतसंस्था, वजनकाटा, सेवा केंद्र, एमएस-सीआयटीचा वर्ग, फोटो स्टुडिओ अशा ठिकाणचे संगणक सांभाळणं हे माझं काम. लोकांना वाटतं, हा दुरुस्तीचा धंदा आहे. खरं तर यातला मोठा भाग मोजमापाचा आहे. डिस्कवर किती जागा उरली, ती कोणत्या गतीनं संपतेय, डिस्क उत्तर द्यायला किती वेळ लावते आणि ती झिजली किती, हे चार आकडे दर महिन्याला हातात असले तर बहुतेक संकटं आधी दिसतात.

सकाळी 7:30 : वजनकाटा

ऊन चढायच्या आत पंढरपूर रस्त्यावरच्या काट्यावर पोचतो. नंतर जोंधळ्याची पोती आणि कडबा भरलेल्या गाड्यांची रांग लागते, मग संगणकाला हात लावायची सोय राहत नाही. इथलं मशीन तसं साधं आहे. काट्याच्या इंडिकेटरपासून आलेली केबल, एक जुनी हार्ड डिस्क आणि पावतीचा प्रिंटर. पण रिकाम्या गाडीचं वजन याच डिस्कवर नोंदलेलं असतं. गाडी माल भरून परत आली आणि ती नोंद उघडली नाही, तर मालाचं वजन कशातून काढणार?

क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्क तपासणारा प्रोग्रॅम उघडतो. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद स्वतःजवळ ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. त्या लांबलचक यादीत मी आधी तीन ओळी बघतो. 05 म्हणजे खराब निघालेल्या, म्हणून राखीव जागेत हलवलेल्या सेक्टरांची संख्या. सी5 म्हणजे वाचता न आल्यामुळे संशयित ठरलेले सेक्टर. सी6 म्हणजे तपासणीत दुरुस्त न होणारे निघालेले. हे आकडे प्रोग्रॅम मुळात षोडशमान पद्धतीत दाखवतो. त्यामुळे पडद्यावर 28 दिसलं तर ते अठ्ठावीस नसून चाळीस असतात. इथे सी5 समोर 28 आहे. मागच्या महिन्यात 8 होते. वरची पट्टी निळ्याची पिवळी झालीय.

"फॉरमॅट मारा की ओ, नीट हुतंय," काटामालक म्हणतात.

"काका, फॉरमॅट नाही. आधी नोंदी बाहेर काढू."

अशा डिस्कवर लगेच चेकडिस्क चालवणं धोक्याचं. मरणाच्या वाटेवरची डिस्क त्या कष्टानंच बसू शकते, म्हणून आधी डेटा दुसऱ्या ठिकाणी उतरवायचा आणि बाकीचं नंतर. फाइली कॉपी झाल्या, त्यातल्या दोन-तीन उघडून बघितल्या, सोलापूरला नव्या एसएसडीची ऑर्डर दिली. या घाईला कारण आहे. गूगलनं 2007 मध्ये आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात स्वतःच्या तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या 60 दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या 39 पट आढळली. त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही मी गिऱ्हाइकाला सांगतो. बंद पडलेल्या डिस्कपैकी 56 टक्क्यांहून जास्त डिस्कनी स्मार्टच्या चार प्रमुख खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. पिवळी पट्टी दिसली तर धावायचं, पण निळी पट्टी म्हणजे हमीपत्र नव्हे. बॅकअप दोन्ही वेळी लागतोच.

सकाळी 10:00 : सेवा केंद्र

दाराबाहेर चपलांचा ढीग. कुणाला उत्पन्नाचा दाखला पाहिजे, कुणाला सातबारा. केंद्र चालवणाऱ्या ताई हातातला कागद खाली ठेवून म्हणतात, "मशीन लय हळू झालंय बघा. सगळे म्हणतात हार्ड डिस्क गेली."

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. डिस्क 100 टक्के, ओळ लालभडक. पण शेजारच्या रकान्यात वेग बघितला तर सेकंदाला एक एमबीसुद्धा नाही. नवख्या माणसाला हे कोडं वाटतं. पूर्ण कामात गुंतलेली डिस्क इतकं थोडं काम कसं करते? उत्तर तिच्या बांधणीत आहे. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्याला 8.3 मिलिसेकंद लागतात. पाहिजे ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे जवळपास सव्वाचार मिलिसेकंद जातात. त्याआधी सुईचा दांडा योग्य वर्तुळावर न्यायला आठ-नऊ. म्हणजे विखुरलेली एक नोंद आणायला बारा-तेरा मिलिसेकंद, सेकंदाला जेमतेम ऐंशी नोंदी. नोंद चार केबीची असेल तर सेकंदाला सव्वातीनशे केबीच्या आसपास. डिस्क आळशी नाही, तिला नुसतं पळवलं जातंय.

आता पळवतंय कोण, ते शोधायचं. रिसोर्स मॉनिटर उघडला. मेमरीच्या पानावर हार्ड फॉल्टचा आलेख वर टेकलाय. 4 जीबी रॅममधली जेमतेम दोनशे एमबी मोकळी आहे. ब्राउझरमध्ये सरकारी पोर्टलच्या खिडक्या, स्कॅनरचा प्रोग्रॅम, पीडीएफ लहान करणारा प्रोग्रॅम, सगळं एकाच वेळी उघडं. ओटा लहान असला की एकेक भांडं ठेवायला-आणायला कोठीच्या खोलीत फेऱ्या होतात, तसं विंडोज रॅममधला मजकूर डिस्कवर टाकतं आणि परत आणतं. डिस्कची लाल ओळ हा परिणाम होता, मूळ दुखणं रॅमचं होतं. आज डिस्क बदलली असती तर मशीन थोडं सुधारलं असतं आणि खरं कारण झाकून गेलं असतं.

बॅगेतली 8 जीबीची पट्टी चाचणीपुरती लावली. आधी आणि नंतर एकच काम घड्याळ लावून करायचं, हा माझा नियम. "वाटतंय जरा जलद" याला मापात जागा नाही. वीस पानांचं स्कॅन उघडून, लहान करून जतन करायला आधी चार मिनिटं लागली होती, आता एक मिनिट दहा सेकंद. रॅमचे भाव हल्ली चांगलेच चढलेत, म्हणून तर खर्चाआधी असा पुरावा हवाच. ताईंनी स्वतः घड्याळ बघितलं आणि पट्टी ठेवून घेतली. इथल्या विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, तेव्हा या मशीनचं पुढं काय करायचं तेही त्यांना सांगून ठेवलं. लोकांच्या आधारच्या प्रती जिथे दिवसभर उघडतात, तिथे सुरक्षेचे अपडेट बंद पडलेले चालत नाहीत.

दुपारी 12:30 : एमएस-सीआयटीचा वर्ग

दोन बॅचच्या मधला तासभर मोकळा मिळतो. इथली सगळी मशीन एकाच वेळी घेतलेली, एकाच बनावटीची. मोजणाऱ्याच्या दृष्टीनं ही चैन आहे, कारण तुलनेला जोडीदार शेजारीच बसलेला असतो. वेग मोजणारा क्रिस्टलडिस्कमार्क लावला की साटा एसएसडीला सलग वाचनात सेकंदाला पाचशे-साडेपाचशे एमबी मिळायला पाहिजेत. सगळीकडे तसे मिळाले, कोपऱ्यातल्या एका मशीनवर अडीचशेच्या आसपास अडकले. बाकीच्यांच्या निम्मा आकडा दिसला की मी एसएसडीच्या आधी तिच्या वाटेचा संशय घेतो. केबल बदलली, आकडा तोच. केबल मदरबोर्डच्या दुसऱ्या खाचेत लावली आणि आकडा पाचशेच्या पुढं गेला. पहिली खाच जुन्या, सेकंदाला 3 गिगाबिटच्या साटाची होती. एसएसडी बिचारी नीट होती. ही चाचणी मात्र रोज लावायची नाही. तिच्यात लिहिणंही असतं आणि एसएसडीला लिहिण्याची मर्यादा असते. नवीन असताना एकदा आणि शंका आली तेव्हा, एवढं पुरे.

एक विद्यार्थी बाजारातून स्वस्तात घेतलेला 128 जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन आला. "सर, यात टाकलेले व्हिडिओ उघडत न्हाईत." जर्मनीच्या सीटी या संगणक मासिकानं तयार केलेला एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा छोटा प्रोग्रॅम अशा वेळी कामाला येतो. तो आख्खा ड्राइव्ह भरून टाकतो आणि लिहिलेलं पुन्हा वाचून पडताळतो. सेकंदाला 10 एमबीच्या वेगानं 128 जीबी लिहायलाच साडेतीन तास लागतील. म्हणून वर्गातलं रिकामं मशीन पकडून ते चालू करून ठेवलं.

जेवायला घरी. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, कांदा. 2016 मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच काळ्या रानातली ही भाकरी आहे.

दुपारी 3:00 : फोटो स्टुडिओ

लग्नसराईचं चित्रीकरण साठत चाललंय. 1 टीबीची एसएसडी आहे, विंडोजच्या मोजणीत 931 जीबी. बनवणारा 1000 च्या पटीत मोजतो आणि विंडोज 1024 च्या, त्यामुळे चोरी झालेली नसते. मोकळी जागा फक्त 19 जीबी. फाइल कॉपी करताना वेग सुरुवातीला झकास असतो आणि मिनिटाभरात कोसळतो.

कारण समजावून सांगतो. एसएसडीत लिहिणं लहान पानांमध्ये होतं, पण पुसणं मोठ्या ठोकळ्यांमध्ये. मोकळे ठोकळे उरले नाहीत की नवं लिहिण्याआधी जुन्यातला कामाचा मजकूर उचलून दुसरीकडे ठेवायचा, ठोकळा पुसायचा आणि मग लिहायचं. वर अनेक स्वस्त एसएसडी मोकळ्या जागेतलाच काही भाग जलद लिहिण्यासाठी वापरतात, तोही आखडतो. म्हणून दहा-वीस टक्के जागा कायम मोकळी राखावी.

जागा खाल्ली कुणी, हे विझट्री हा प्रोग्रॅम काही सेकंदांत रंगीत चौकटींत मांडतो, कारण तो फाइली एकेक न मोजता एनटीएफएसची मूळ सूचीच वाचतो. सगळ्यात मोठी चौकट लग्नांची नव्हती, संपादनाच्या प्रोग्रॅमच्या मीडिया कॅशची होती. 210 जीबी. ती त्या प्रोग्रॅममधूनच रिकामी केली. विंडोज अपडेटनंतर उरलेलं विंडोज.ओल्ड हे डिस्क क्लीनअपमधून काढलं. विनएसएक्सएस फोल्डरला मात्र हातानं कधीच शिवायचं नाही, तिथे विंडोजचे स्वतःचे भाग असतात. इंटरनेटवरचे चकचकीत क्लीनर तर नकोतच. गिऱ्हाइकाच्या लग्नाचं मूळ चित्रीकरण दोन वेगळ्या डिस्कवर गेलेलं बघितल्याशिवाय त्यातली एकही फाइल पुसली नाही.

संध्याकाळी 6:30 : पतसंस्था

काउंटर बंद, रोकड मोजून झाली. डे-एंड, म्हणजे दिवसअखेरचा हिशोब, चालू असतानाच सर्व्हरचं खरं मोजमाप होतं. परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये डिस्कच्या एका वाचनाला सरासरी लागणारा वेळ बघतो. हार्ड डिस्कवर तो सतत 25 मिलिसेकंदांच्या वर राहिला तर गोष्ट गंभीर. आज 14. ठीक आहे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये क्रमांक 7, म्हणजे खराब ब्लॉकची नोंद, एकही नाही. क्रमांक 41 मात्र आहे, म्हणजे मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं होतं, बहुधा वीज गेल्यानं. यूपीएसची बॅटरी तपासली, दोन मिनिटांतच उतरली. ती उद्याच बदलायची.

मग जागा. डेटाबेस वाढला नाही, पण त्याची लॉग फाइल डेटाबेसच्या तिप्पट झालीय. व्यवहारांचा लॉग बॅकअप झाल्याशिवाय तो आतून रिकामा होत नाही आणि फुगत जातो. डिस्क भरली की नवा व्यवहार नोंदवणंच थांबतं. ऐन 31 मार्चच्या संध्याकाळी तसं झालं तर? लॉग बॅकअपचं वेळापत्रक बसवलं.

शेवटचं काम मी कितीही उशीर झाला तरी टाळत नाही. आजचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडायचा. फाइल दिसते म्हणजे बॅकअप आहे असं नसतं, ती उघडून आजची शिल्लक जुळली तर आहे. मॅनेजर साहेबांनी रोजकीर्दीचा कागद समोर धरला, मी पडद्यावरचा आकडा वाचला. पैशापर्यंत जुळला.

रात्री 9:30 : वही

एचटूटेस्टडब्ल्यूचा निकाल वर्गातून फोनवर आला. 128 जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये खरी जागा 8 जीबी. पोराला निरोप दिला, यात काही ठेवू नकोस.

दिवसाचे आकडे वहीत उतरवतो. ठिकाण, तारीख, मोकळी जागा, डिस्कचा वेळ, तीन स्मार्ट ओळी. एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. पतसंस्थेच्या बॅकअप डिस्कवर 48 जीबी मोकळी आहे, एवढ्यानं काहीच कळत नाही. मागच्या महिन्यात 60 होती हे शेजारी दिसलं की महिन्याला 12 जीबी जातात आणि जुलैत डिस्क भरणार हे तोंडी हिशोबानं निघतं. मग मोठ्या डिस्कचा खर्च संचालकांच्या बैठकीत एप्रिलमध्येच मांडता येतो.

आपल्यासारख्या तालुक्याच्या गावात संगणक बिघडला तर यंत्राचं नुकसान फार नसतं. नुकसान होतं कुणाच्या तरी ठेवीच्या नोंदीचं, कुणाच्या दाखल्याचं, कुणाच्या मालाच्या वजनाचं. ज्यांचं ते असतं त्यांनी कधी तो संगणक पाहिलेलाही नसतो. म्हणून ज्याच्या ताब्यात लोकांच्या नोंदी आहेत त्यानं महिन्यातून एकदा मोकळी जागा आणि स्मार्टच्या तीन ओळी कागदावर लिहाव्यात आणि एक बॅकअप उघडून बघावा. याला तंत्रज्ञ लागत नाही. अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास कामाचाच भाग धरला पाहिजे.