केसाएवढी पोकळी

‘मेन टेन, बिगेंड ट्वेंटी.’

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात क्रँक ग्राइंडिंगच्या एखाद्या दुकानात डोकावलात, तर एखाद्या जडशीळ लोखंडी वस्तूवर खडूने असं काहीतरी लिहिलेलं दिसेल. तुम्हाआम्हाला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. मेस्त्री मात्र एक नजर टाकतात आणि मशीन सुरू करतात.

ती जडशीळ वस्तू म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनातला क्रँकशाफ्ट. गॅरेजात सगळे त्याला नुसतं ‘क्रँक’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. सिलिंडरमधला पिस्टन वर-खाली पळतो, पण चाकाला तर गोल फिरायचं असतं. वर-खालीचं गोल-गोल करून देणारी ही क्रँक. दिसायला वेडीवाकडी. काही भाग अगदी एका सरळ रेषेत, त्यांना म्हणायचं ‘मेन’. काही भाग त्या रेषेपासून बाजूला सरकलेले, त्या ‘पिना’. प्रत्येक पिनेला एकेक कनेक्टिंग रॉड धरतो. रॉडचं पिनेला धरणारं जाड टोक म्हणजे ‘बिगेंड’, म्हणून पिनेच्या कामालाही मेस्त्री बिगेंडच म्हणतात. तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरला साधारणपणे चार मेन आणि तीन पिना असतात.

(हा वाकडा दांडा कधीकाळी फार भाव खाऊन गेला बरं का! इंग्लंडमध्ये जेम्स पिकार्डने १७८० साली वाफेच्या इंजिनाला क्रँक लावायचं पेटंट घेतलं. मग जेम्स वॉटची झाली पंचाईत. त्याने एका दातेरी चाकाभोवती दुसरं दातेरी चाक फिरवायची युक्ती वापरून काम भागवलं. तिचं नावच ‘सूर्य आणि ग्रह’!)

आता एक हिशेब करू. पिस्टनचा व्यास १०० मिलिमीटर, आणि डिझेल पेटल्यावर दर चौरस सेंटीमीटरला ८० किलोचा दाब पडतो असं धरा. करा गुणाकार. सहा टनांहून जास्त भार! हा दणका कनेक्टिंग रॉडमधून थेट पिनेवर बसतो. इंजिन मिनिटाला २००० फेऱ्या मारत असेल, तर एकाच पिनेवर सेकंदाला सोळा वेळा. आणि पिनेला कवेत घेऊन बसलेली बेअरिंग असते केवढी? दोन अर्धगोल शेल, जेमतेम दोनेक मिलिमीटर जाडीचे, आतून मऊ धातूचा पातळ थर दिलेले.

मग ते शेल काही मिनिटांतच भुगा का होत नाहीत?

कारण इंजिन नीट चालू असताना पिन त्यांना जवळजवळ शिवतच नाही. दोघांच्या मधे तेल असतं, आणि सहा टनांचा दणका ते तेल पेलतं.

विश्वास बसत नाही ना? १८८३ साली बीचम टॉवर नावाच्या इंग्रज इंजिनियरचाही बसला नसता. तो रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगांवर प्रयोग करत होता. बेअरिंग आसाच्या वरच्या बाजूला बसवलेली, आणि आस खाली तेलात बुडून फिरतोय. वरून तेल सोडायला म्हणून टॉवरने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडलं. तर तेल आत जाण्याऐवजी भोकातून उलटं वर यायला लागलं! त्याने बूच मारलं. बूच बाहेर. मग लाकडाची खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकत बाहेर. शेवटी त्याने तिथे दाब मोजायचा काटाच जोडला. बेअरिंगवरचा भार सरासरी दर चौरस इंचाला १०० पौंड होता, आणि काटा दाखवत होता २०० च्याही वर. पंप नाही, काही नाही. एवढा दाब आला कुठून?

तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने गणिताने उलगडा केला. फिरणारा आस बेअरिंगच्या बरोबर मध्यभागी नसतो, किंचित एका अंगाला असतो. म्हणून मधली जागा एकीकडे रुंद आणि दुसरीकडे अरुंद होत जाते. तेल चिकट, ते फिरत्या आसाला धरून राहतं आणि आसाबरोबर त्या अरुंद जागेत ओढलं जातं. मागून आणखी तेल रेटा देतंच आहे. अशा चेंगराचेंगरीत दाब वाढतो आणि आस उचलला जातो. घरी करून बघायचंय? वहीचा सुटा कागद गुळगुळीत फरशीवर जरा तिरका सोडा. तो अलगद दूरवर घसरत जातो. तिथे तेलाऐवजी हवा असते, एवढाच फरक.

ट्रॅक्टरच्या इंजिनात पंप असतो, पण त्याचं काम तेल पोचवायचं. भार पेलणारा दाब क्रँक स्वतः फिरूनच तयार करते. इंजिन बंद असताना ती शेलवर टेकून बसलेली असते, म्हणून झीज सर्वांत जास्त होते ती सुरू करतानाच्या पहिल्या काही फेऱ्यांत.

हे सगळं जमायला तेलाला जागा हवी, आणि तीही नेमकी. साठ मिलिमीटरच्या पिनेला सुमारे ०.०६ मिलिमीटर. हे केवढं असतं ते मेस्त्रींना विचारलंत, तर ते तुमच्याच डोक्यावरचा एक केस उपटून मायक्रोमीटरमध्ये धरतील. (केस उपटायचा त्यांना भारी उत्साह.) आकडा येतो ०.०६, ०.०७, कुणाचा ०.०८. जागा याहून बरीच मोठी झाली तर तेल कडेने निसटतं, दाब टिकत नाही आणि इंजिन ठोकायला लागतं. फार कमी झाली तर तापून बेअरिंग पकडते आणि इंजिन जाम.

वर्षानुवर्षं दणके खाऊन, तेलात आलेली धूळ-कचरा सोसून पिन झिजते. तीही सगळीकडून सारखी नाही. मायक्रोमीटर एका दिशेने लावला तर ५९.९५ भरते, आडवा लावला तर ५९.८८. पिन ‘ओव्हल’ झाली! आता तुम्ही म्हणाल, झिजलेल्या जागी धातू भरून टाका. दुकानात आलेली पोरं हेच म्हणतात. मेस्त्री हसतात.

‘‘भरायचं काय न्हाई गा. उलट आनखी काढायचं!’’

हीच तर गंमत आहे. पिन पुन्हा गोल होईपर्यंत ती चारी बाजूंनी घासून बारीक करायची आणि तिच्याभोवती जाड शेल बसवायचे. किती बारीक करायची याच्या ठरलेल्या पायऱ्या आहेत. ‘टेन’ म्हणजे इंचाच्या हजार भागांपैकी दहा, व्यासात सुमारे ०.२५ मिलिमीटर कमी. ‘ट्वेंटी’ म्हणजे ०.५०, ‘थर्टी’ म्हणजे ०.७५. त्या-त्या मापाचे शेल बाजारात तयार मिळतात. म्हणजे खडूने लिहिलं होतं ते एवढंच, की मेन पाव मिलिमीटरने घासा आणि पिना अर्ध्याने.

घासण्याआधी तडे तपासतात. क्रँक चुंबकीय करून तिच्यावर लोखंडाची बारीक पूड सोडायची. डोळ्याला न दिसणाऱ्या तड्यापाशी चुंबकीय क्षेत्र बाहेर गळतं आणि पूड नेमकी तिथे रेघ धरते. रेघ खोल निघाली तर क्रँक भंगारात! न निघाली तर तिचं चुंबकत्व आठवणीने काढून टाकायचं, नाहीतर इंजिनात ती लोखंडाचा कण न् कण स्वतःकडे ओढून घेईल.

आणि मग ते ग्राइंडिंग मशीन. माझ्या मते अख्ख्या उद्यमनगरात याच्याइतकं बघण्यासारखं दुसरं काही नाही! मेन घासणं सोपं, क्रँक सरळ आपल्या आसाभोवती फिरते. पण पिन तर बाजूला सरकलेली. म्हणून अख्खी क्रँक बाजूला सरकवून अशी बांधतात की पिन बरोबर मध्यावर येते. मशीन सुरू झालं की घासली जाणारी पिन जागच्या जागी शांत फिरते आणि बाकीची सगळी क्रँक तिच्याभोवती गरागरा घिरट्या घालते. पुढून मोठा दगड येतो. त्याची कड सेकंदाला तीसेक मीटर धावत असते, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या वर. वरून दुधासारख्या पांढऱ्या कूलंटची धार. मेस्त्री चाक किंचित फिरवतात, दगड शतांश मिलिमीटरभर पुढे सरकतो. घाई केली तर पिन तापते आणि वरचा कडक थर मऊ तरी पडतो, नाहीतर त्याला बारीक तडे जातात.

पिनेच्या दोन्ही कडांना, जिथे ती जाड भागाला मिळते, तिथे कोपरा काटकोनी ठेवायचा नसतो. दगडाची कडच हिऱ्याने गोल करून घेतात, म्हणजे कोपऱ्यातही गोलाई उतरते. धारदार कोपऱ्यात सगळा ताण गोळा होतो आणि क्रँक तिथूनच मोडते. पुढे एमरीच्या पट्ट्याने पॉलिश. त्यानंतर येतं सगळ्यांत कंटाळवाणं काम, ते म्हणजे धुणं. मेनपासून पिनेपर्यंत क्रँकच्या पोटातून तेलाची तिरकी भोकं गेलेली असतात. त्यांत घासल्याचा चिमूटभर बुरा जरी राहिला, तरी तो पहिल्याच दिवशी तेलाबरोबर नव्या बेअरिंगमध्ये शिरतो. ब्रश घाला, डिझेलने धुवा, हवा मारा, पुन्हा धुवा.

शेवटी जागा नेमकी किती राहिली ते कसं मोजायचं? आत तर काहीच शिरत नाही! त्यासाठी मऊ प्लास्टिकचा एक बारीक दोरा मिळतो. तो पिनेवर ठेवून बेअरिंग ठरलेल्या जोराने आवळायची आणि पुन्हा उघडायची. दोरा चपटा झालेला असतो. जितका रुंद पसरला, तितकी जागा कमी. पाकिटावर छापलेल्या पट्ट्यांशी रुंदी ताडून बघितली की झालं.

आता तुमच्यासाठी एक हिशेब. पिन ‘ट्वेंटी’ला घासली, पण दुकानदाराने चुकून ‘टेन’चे शेल दिले. योग्य जागा ०.०६ मिलिमीटर होती. आता ती किती होईल? सांगा, आणि एवढ्या जागेत तेल टिकेल का तेही सांगा. (उत्तर ०.३१. इंजिन चालू करू नका!)