भाजीची भावकी

आम्ही कामगार चळवळीतले. मागणीपत्र, करार, बोनसचा हिशेब हे आमचे रोजचे विषय. त्यामुळे व्याख्यानमालेच्या चालकांनी ‘यंदा कशावर बोलणार?’ असे विचारले आणि आम्ही ‘अनोळखी भाज्या कशा शिजवाव्यात यावर’ असे उत्तर दिले, तेव्हा ते थोडा वेळ गप्पच राहिले. पुढे त्यांनी विचारले, ‘घरून काही आग्रह आहे का?’ तसा आग्रह नव्हता. हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. एका टाळेबंदीने तो आमच्या गळी उतरवला, आणि उतरताना गळा चांगलाच खाजवला.

साल १९९८. ठाणे जिल्ह्यातील एका कारखान्याला मार्चमध्ये टाळे लागले. नाव सांगण्याचे कारण नाही. तो कारखानाही आता उरलेला नाही. जून उजाडेपर्यंत वाण्याची उधारी बंद झाली होती. तेव्हा आम्ही दरवाजासमोर मंडप घालून सामुदायिक स्वयंपाक सुरू केला. तांदूळ-डाळ वर्गणीतून येई. भाजीचे मात्र कठीण होते. अशा वेळी आमच्यातला शहापूरकडच्या पाड्यावरचा एक तरुण कामगार आसनगावहून लोकलने दोन पोती घेऊन आला. पोत्यांत वीतभर लांबीचे, तपकिरी-जांभळट, भाल्याच्या टोकासारखे कोंब होते. त्याच्या आईने ते दोन दिवस रानात फिरून गोळा केले होते. ती शेवळी होती.

मंडपातल्या मंडळींनी आधी नाक मुरडले. कोणी म्हणाले, हे काय जंगली आणलेस? पोरगा ओशाळला. आईने काय निरोप दिला तो त्याने कसाबसा सांगितला आणि मागच्या दरवाजावरच्या पहाऱ्याला निघून गेला. ‘काकडं घाला’ असा तो निरोप होता. आम्ही ऐकले ‘काकडी घाला’. काकडी भाजीत कशाला, आणि आणायची कोठून, म्हणून आम्ही तो कानाआड केला. पोत्याच्या तळाशी आवळ्याएवढी हिरवी, तुरट-आंबट फळे होती. ती कच्ची म्हणून कचऱ्यात टाकली. शेवळी चिरली, फोडणीला टाकली, डाळ घातली आणि पहिली पंगत बसली.

पाच मिनिटांत पंगतीतला जो तो गळा धरून उठला. जीभ, ओठ, घसा, सगळीकडे सुया टोचल्यासारखी आग. मुले रडू लागली. तेवढ्यात कोणी तरी ओरडले की मालकाने माणूस घुसवून अन्नात विष कालवले. ही आवई मंडपाबाहेर जायला वेळ लागला नाही. काही तरुण दगड वेचू लागले. समोर बंदोबस्ताच्या पोलिसांनी काठ्या सावरल्या. दुसऱ्या दिवशी वाटाघाटींची बैठक ठरलेली होती. एक दगड जाता, तर बैठक मोडली असती आणि निम्मी युनियन खटल्यांत अडकली असती. आम्ही ओरडून सांगत होतो, पण आमचाही घसा धरलेला होता.

एवढ्यात तो तरुण मागच्या दरवाजावरून धावत आला. त्याने पातेल्यात डोकावले, कचऱ्याच्या ढिगाकडे गेला, ती हिरवी फळे ओंजळीत घेऊन सर्वांसमोर धरली आणि म्हणाला, ‘काकडं टाकून दिलीत होय? मग खाजणारच की!’ दगड खाली पडले. कोणी चिंच आणली, कोणी ताक आणले, आणि संध्याकाळपर्यंत घसे ताळ्यावर आले. बैठक ठरल्याप्रमाणे झाली. दोष मालकाचा नव्हता, त्या भाजीचाही नव्हता. निरोप नीट न ऐकणाऱ्यांचा होता, आणि त्यांत आम्ही पहिले.

आठवडाभराने त्या मुलाची आई स्वतः आली. तिने बायकांना बसवून सर्व दाखवले. हाताला तेल लावायचे. वरची जून साले काढायची. आतल्या दांड्यावरचा पिवळा, दाणेदार भाग काढून टाकायचा. उरलेले बारीक चिरून तेलावर चांगले परतायचे. काकडे ठेचून, पाण्यात कोळून, त्यांच्या रसात ते शिजू द्यायचे, आणि घाई करायची नाही. हे चालू असता कोल्हापूरकडची एक बाई एकदम म्हणाली, ‘अगं बाई, ही तर अळवाचीच भावकी!’

आमच्या मते या विषयातले सगळे शास्त्र त्या एका उद्गारात आहे. आम्ही पुढे ग्रंथालयातून वनस्पतिशास्त्राची पुस्तके आणून वाचली. रात्रशाळेपर्यंतच शिकल्यामुळे निम्मे कळले, निम्मे विचारून घेतले; पण त्या बाईचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले. अळू, सुरण आणि शेवळे ही एकाच कुळातली. सुरण आणि शेवळे तर सख्खी चुलत भावंडे. या कुळातल्या झाडांच्या अंगात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. म्हणून अळूच्या फतफत्यात चिंच पडते, सुरणाला आमसूल लागते, आणि शेवळ्याला काकड. तिन्ही ठिकाणी तोड एकच: भरपूर शिजवणे आणि आंबट. त्या दिवशी मंडपात स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येक बाईला अळूला चिंच लागते हे ठाऊक होते. विद्या घरातच होती. समोरचा पाहुणा आपल्याच नात्यातला आहे, हे तेवढे ओळखता आले नाही.

तेव्हा अनोळखी भाजी हातात आली की पाककृती शोधत बसण्याआधी तिची भावकी शोधावी. पाककृती एका भाजीची असते, भावकी सापडली की दहा भाज्यांची रीत हाती येते.

कुरडू पाहा. पावसाळ्यात शेताच्या बांधावर उगवते, पुढे तिला गुलाबी-पांढरे तुरे येतात. शहरात तिला कोणी ओळखत नाही, पण ती माठ आणि राजगिऱ्याच्या कुळातली. माठ कसा करता? लसूण-मिरचीची फोडणी, कांदा, वर खोबरे. कुरडूही तशीच करावी. कोवळी मात्र पाहिजे. कर्टोली ही कारल्याची बहीण, पण स्वभावाने गोड. तिला मीठ लावून पिळण्याची गरज नाही. काचऱ्या करून परतावी आणि जून बिया काढाव्यात. फोडशी दिसायला गवत, पण वागायला कांद्याची पात: मुळाशी माती फार, म्हणून तीन पाण्यांनी धुवावी, बारीक चिरावी आणि पीठ पेरून करावी.

टाकळ्याची गोष्ट निराळी आहे. त्याच मंडपात रत्नागिरीच्या एका बाईने टाकळा आणला, तेव्हा भंडाऱ्याच्या बाईने ‘असले आम्ही खात नाही’ म्हणून ताट सारले. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः रेल्वेरुळाकडेचा तरोटा खुडून आणला. दोन्ही जुड्या शेजारी ठेवल्या, तर एकच पाला! तीन दिवस दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. नाव बदलले की ओळखीची भाजीही परकी होते. पुढे टाकळ्यात फणसाच्या आठळ्या आणि तरोट्यात डाळ अशी दोन पातेली चढली, आणि आम्हांला दोन्हींतून वाढून घ्यावे लागले. टाकळा मेथीसारखा शेंगाकुळातला. वासाला उग्र, जून झाला की कडवट. म्हणून मेथीची रीत त्याला लागू पडते: कोवळी पाने, भरपूर कांदा, सोबत डाळ.

बाजारात परदेशी म्हणून मिरवणाऱ्या भाज्यांनाही हाच न्याय. कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि ब्रोकोली या वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने निरनिराळ्या भाज्या नव्हेतच. एकाच जातीची माणसाने वाढवलेली निरनिराळी रूपे आहेत. एकाचे पान वाढवले, दुसऱ्याचे फूल, तिसऱ्याचे खोड. फार शिजवले की या घराण्याला गंधकाचा वास सुटतो, हे कोबी करपवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून ब्रोकोली झटपट परतावी. तिचा दांडा टाकू नये. साल काढली की तो नवलकोलासारखाच लागतो. नवलकोलाचा पालाही लोक देठासकट फेकतात. कोवळा असेल तर तो मुळ्याच्या पाल्यासारखा, मुगाची डाळ घालून करावा. मोहरी आणि मुळा हेही याच कुळातले. झुकिनी नावाची भाजी तर भोपळ्याच्या घरातली. तिला मीठ आधी घालाल तर पाणीच पाणी होईल.

येथे एक शंका कोणी घेईल: जंगली ते जंगली, त्यात आपण कशाला पडावे? त्यांनी आपल्या उपवासाचे ताट पाहावे. बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, ही सर्व मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज वगैरे दर्यावर्दी लोकांनी ती इकडे आणली. बटाटा आणि कोबी हे शब्दही पोर्तुगीज भाषेतून आलेले. समुद्रापलीकडून आलेले एकादशीला चालते, आणि आपल्याच सह्याद्रीत उगवलेले शेवळे मात्र जंगली! सगळ्यांनीच असे मानले नाही. ठाणे-मुंबईकडच्या पाठारे प्रभू आणि कायस्थ प्रभू घरांत शेवळ्यात कोलंबी किंवा खिमा घालतात आणि त्याची वर्षभर वाट पाहतात. आमच्या मंडपात मात्र ज्याला ही विद्या होती त्या पोराला हसून गप्प केले गेले, आणि त्याची किंमत दीडशे घशांनी मोजली.

आता धोक्याचे बोलू, कारण भावकीचा नियम एका ठिकाणी फसवतो. भाजी कशी शिजवावी हे भावकी सांगते. खावी की नाही हे सांगत नाही. वांगी, टोमॅटो, बटाटा यांच्याच कुळात धोतरा आहे, आणि बटाट्याचा स्वतःचा पाला व हिरवा पडलेला कंद विषारी असतो. कळलावीची फुले सुंदर आणि तिचा कंद रताळ्या-कोनांसारखा. पण तो पोटात गेला तर जीव जातो. दुधी भोपळा तर रोजच्या ओळखीचा, पण चिरताना कडू लागला तर टाकून द्यावा. तो विषारी कडवटपणा शिजवूनही जात नाही, आणि असा रस पिऊन माणसे दगावली आहेत. कारल्याचा कडूपणा चालतो म्हणून दुधीचा चालेल असे समजू नये. अळंब्यांबद्दल आम्ही काहीच सांगणार नाही. ती व्याख्यानाने शिकण्याची गोष्ट नव्हे.

म्हणून पहिला प्रश्न नेहमी माणसाला विचारावा. जो ती भाजी पिढ्यान्‌पिढ्या खात आला आहे त्याने ‘खा’ म्हणावे, मगच आपण भावकी पाहावी. स्टेशनाबाहेर टोपली घेऊन बसणाऱ्या बाया पहाटेच्या गाडीने आलेल्या असतात. आपण भाव पाडतो, जुडी उचलतो आणि चालू लागतो. त्याऐवजी थांबून तीन गोष्टी विचाराव्यात: यातले काय टाकायचे, यात काय घालायचे, आणि तुम्ही घरी हे कशाबरोबर खाता? तिसऱ्या प्रश्नाने बाई हसते आणि मग पहिल्या दोन प्रश्नांत राहून गेलेलेही सांगते. तिने भाजीबरोबर एखादे फळ, एखादा पाला फुकट दिला तर तो वजनाला टाकलेला नाही, हे आमच्या अनुभवावरून समजून घ्यावे.

उरलेल्या भाजीचे काय, हा गृहिणींचा खरा प्रश्न. नवी भाजी घरात पहिल्या दिवशी कोणी पोटभर खात नाही. अर्धी जुडी ओली होऊन पडते. त्याला मंडपातल्या बायकांनी काढलेली तोड अशी, की पहिल्या दिवशी ती तिच्या रूपात करावी, पण थोडी. दुसऱ्या दिवशी तिला पिठात लपवावे. थालीपीठ, मुटके, वड्या, झुणका यांत कोणताही कोवळा पाला खपतो. चाकवत किंवा आंबट चुका असेल तर ताक नाही तर डाळ लावून पातळ करावे, म्हणजे भाताबरोबर सरते. अंबाडी फार झाली तर शिजवून, पिळून, ज्वारीच्या कण्यांत शिजवावी आणि वर लसणीची चरचरीत फोडणी द्यावी. आमच्याकडे ती उरलेली आम्ही कधी पाहिली नाही. शेवळे मात्र पिठात लपवू नये. त्याला आधी आंबटात शिजू द्यावे, मग काय करायचे ते करावे.

ती टाळेबंदी ऑगस्टमध्ये उठली. करारात आम्हांला हवे होते ते सर्व मिळाले नाही. तो तरुण पुढे आमच्या समितीवर निवडून आला, आणि त्याच्या आईची टोपली स्टेशनाबाहेर पुष्कळ वर्षे दिसत असे. ही व्याख्यानमाला संपल्यावर महिन्याभरात, मृगाच्या आगेमागे, शेवळी बाजारात येतील. घेताना काकडे मागून घ्यावीत. बाई विसरली असेल तर आठवण करावी. आणि ती नसलीच, तर चिंच घरात आहे ना, हे पाहूनच जुडी उचलावी.