नॅशनल पार्क म्हणजे मोठी बाग नव्हे

बोरिवलीच्या नॅशनल पार्कची बाजू घेणारेच कधीकधी ती लंगडी करून टाकतात. ‘हे जंगल मुंबईला ऑक्सिजन पुरवतं’ हा समज त्यांचाच. पूर्ण वाढलेलं जंगल जेवढा ऑक्सिजन तयार करतं, जवळजवळ तेवढाच झाडांच्या श्वसनात आणि पाचोळा कुजण्यात खर्ची पडतो. हवेत 21 टक्के ऑक्सिजन आहेच. पार्क नसता म्हणून मुंबईकर गुदमरला नसता. उकडला मात्र नक्की असता. सुमारे 104 चौरस किलोमीटरची सावली आणि पानांतून उडणारी वाफ हवा गार ठेवते, पानं धूळ धरतात. एवढं पुरेसं आहे, वर ऑक्सिजनचं बिल कशाला फाडायचं?

पाण्याचंही तसंच. विहार (1860) आणि तुळशी (1879) हे तलाव पार्कातच आहेत, पण मुंबईच्या रोजच्या पाण्यात दोघांचा मिळून वाटा जेमतेम तीन टक्के. बाकीचं भातसा, वैतरणा, तानसाकडून येतं. जंगलाचं खरं काम पावसाला वेसण घालण्याचं. उतारांवर कारवी दाट माजते, तिची मुळं माती धरून ठेवतात आणि खालचा पाचोळा पाणी मुरवतो. तुळशी भरला की पाणी विहारात, विहार भरला की मिठी नदीत. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. तेवढा पाऊस कुठलंच जंगल जिरवू शकत नाही, हे कबूल. पण मिठीचा गळा आवळला गेला तो खाली, भराव आणि बांधकामांनी; डोंगरावर नव्हे.

एप्रिलमध्ये पार्कात जाऊन ‘सगळं वाळलंय’ म्हणणारेही भेटतात. साग, पळस, सावर ही पानझडी झाडं आहेत, उन्हाळ्यात पानं टाकून ती पाणी वाचवतात. तिथे बारमाही हिरवळ हवी असणाऱ्यांनी बागेत जावं.

‘इथली झाडं तोडू, तिकडे दुप्पट लावू’ हे वाक्य मेट्रोच्या कारशेडवेळी पार्कालगतच्या आरेत फार ऐकू आलं. ऑक्टोबर 2019 मध्ये तिथली दोन हजारांहून अधिक झाडं पडली. आरे कागदोपत्री जंगल नाही, असाही युक्तिवाद होता. पुढे 2021 मध्ये तिथलीच 812 एकर जमीन राखीव वनासाठी वनविभागाकडे गेली. कागद बदलला, रान तेच होतं. रोप लावता येतं. त्याखालची माती, बुरशी, वाळवीची वारुळं, वेली, झुडपं, ढोलीतली घुबडं हे सगळं खड्डा खणून लावता येत नाही.

सगळ्यात चिवट गैरसमज बिबट्याचा: जंगलात खायला उरलं नाही म्हणून तो सोसायटीत शिरतो. त्याच्या विष्ठेच्या अभ्यासातून दिसलेलं चित्र वेगळं आहे. वजनाच्या हिशेबात निम्म्याहून अधिक खाणं रानातलंच, चितळ-सांबरांसारखं. भटके कुत्रे सुमारे पाव हिस्सा. म्हणजे तो उपाशी नाही, संधिसाधू आहे. पार्काच्या कुंपणालगत कचऱ्याचा ढीग साचतो, त्यावर कुत्री आणि डुकरं पोसली जातात, त्यांच्यामागे तो येतो, बहुधा रात्री, आणि बहुधा कुणाला न दिसता निघून जातो.

‘मग पकडून लांब सोडा’ हा पुढचा सल्ला. तो अमलात आणून पाहिलेला आहे. जुन्नर भागात पकडलेले बिबटे दुसरीकडे सोडले, तेव्हा माणसांवरचे हल्ले वाढले, असं वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात आढळलं. मुंबईत जून 2004 मध्ये एका महिन्यात बिबट्यांच्या हल्ल्यांत दहाच्या आसपास माणसं गेली. त्याआधी बाहेरून आणलेले बिबटे पार्कात सोडले जात होते. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर बिथरतं, आणि रिकाम्या झालेल्या हद्दीत दुसरा येऊन बसतो. 2011 पासून वनविभाग, अभ्यासक आणि नागरिकांनी मिळून बिबट्यांबद्दल लोकांशी बोलायला सुरुवात केली. 2018 च्या कॅमेरा ट्रॅप पाहणीत पार्क आणि परिसरात 47 बिबटे नोंदले गेले, तरी 2004 सारखं वर्ष पुन्हा आलं नाही. धोका संपलेला नाही: 2022 च्या दिवाळीत आरेत एक तान्ही मुलगी गेली. आदिवासी पाड्यांवर अंधारात शौचाला बाहेर जावं लागतं, दिवे नसतात, मुलं एकटी फिरतात. धोका सर्वांत जास्त तिथे. तरी ओरड टॉवरमधून होते, कॅमेऱ्यात शेपूट दिसलं म्हणून. पिंजऱ्याची मागणी करणारी पत्रं भराभर जातात. कुंपणाजवळचा कचरा उचला, पाड्यावर दिवा आणि संडास द्या, अशी पत्रं त्या मानाने फारच कमी.