ताज पाहिला, बाहेरून

मुंबईहून परत आलेल्या माणसाला आमच्याकडं पहिला प्रश्न ठरलेला असायचा: काय काय पाहिलं? उत्तरात राणीची बाग, म्हातारीचा बूट, चौपाटी, आणि शेवटी जरा आवाज चढवून ‘ताज’. कुणी फारच खोदून विचारलं तर, “भायेरून पाहिलं की. आत काय करायचंय?” यात ओशाळं वाटण्याचं कुणाला कारण नव्हतं. नांदेड-लातूरकडच्या माणसासाठी मोठं हॉटेल ही राहायची जागा कधी नव्हतीच. ते किल्ल्यासारखं, धबधब्यासारखं एक ठिकाण होतं. बघायचं, फोटो काढायचा, पुढं निघायचं.

ताजमहाल हॉटेल १९०३ साली सुरू झालं आणि गेटवे ऑफ इंडिया १९२४ साली, म्हणजे हॉटेल कमानीपेक्षा वीसेक वर्षांनी जुनं. आमच्याकडच्या अल्बममध्ये मात्र कमान पुढं आणि हॉटेल मागं. जागेवर फोटो काढून देणाऱ्याला ठाऊक असायचं की गिऱ्हाइकाला दोन्ही हवंय. मग तो डोक्यावरची टोपी, मागचा घुमट आणि बाजूचं कबूतर असं सगळं एका चौकटीत बसवायचा.

राहण्याची सोय व्हायची आमदार निवासात. आपल्या मतदारसंघाच्या आमदाराची खोली हे तेव्हा मराठवाड्याचं मुंबईतलं हक्काचं घर होतं. आमदार असोत-नसोत, खोलीत माणसं असायचीच: कुणाची बदली अडकलेली, कुणाचं दुखणं टाटा हॉस्पिटलात दाखवायचं, कुणी नुसताच मुंबई बघायला आलेला. पलंगावर ज्येष्ठ, बाकीचे सतरंजीवर आडवे. उशाला पिशवी, पिशवीत धपाटे आणि शेंगाचटणी. पहाटे नळाला पाणी आलं की बादल्यांचा आवाज, आणि त्याबरोबर आदल्या दिवशी मंत्रालयात कोण काय म्हणालं याची उजळणी.

यातलं एक निवास कुलाब्याचं ‘मजेस्टिक’. रीगल सिनेमासमोर, खाली सहकारी भांडार. ही इमारत मुळात मजेस्टिक हॉटेल नावाचं इंग्रजी अमदानीतलं बडं हॉटेल होती, कोरीव सज्जे आणि नक्षीदार मनोरे असलेली. सरकारनं ती पुढं आमदारांसाठी घेतली. म्हणजे ज्यांनी ताज बाहेरून पाहिला, त्यांतले कितीतरी जण रात्री त्याच वस्तीतल्या दुसऱ्या एका बड्या हॉटेलात झोपत होते. फुकट, आणि फरशीवर. त्यांच्या यादीत मजेस्टिकचं नाव कधी आलं नाही. ते हॉटेल होतं हेच कुणाला माहीत नव्हतं. पुढं इमारत जीर्ण झाली आणि तिथलं राहणं थांबलं.

हे मुंबईचं वेड तसं अलीकडचं. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत आमची राजधानी हैदराबाद होती. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा फायली मुंबईला गेल्या. माणसं मात्र बराच काळ हैदराबादलाच जात राहिली, कारण रूळ तिकडं जात होते. मनमाड-सिकंदराबाद ही निजामाच्या काळातली मीटरगेज लाइन नांदेडवरून जायची. लग्नाचा बस्ता, डोळ्याचं ऑपरेशन, मोत्याचा सर, सगळ्याला हैदराबाद. आणि त्या कामाला जोडून ‘बघणं’: चारमिनार, गोवळकोंडा, १९६३ नंतर प्राणिसंग्रहालय. एक पूर्ण दिवस सालारजंग म्युझियमला.

सालारजंगमध्ये आमच्या लोकांना कळायचं काय, असं शहरी मंडळी विचारतात. बेंझोनीनं घडवलेली ‘बुरख्यातली रेबेका’ पाहून बायका दगडाला हात लावून बघू म्हणायच्या. ते पातळ वस्त्र संगमरवराचं आहे यावर त्यांचा विश्वास बसायचा नाही. याहून चांगली दाद कुठल्या समीक्षकानं दिली असेल, मला माहीत नाही. पण खरी गर्दी घड्याळापाशी. कलकत्त्याच्या ‘कुक अँड केल्व्ही’चं ते घड्याळ. तास पुरा व्हायच्या आधी दार उघडून एक दाढीवाला बाहुला बाहेर येतो, आणि तास झाला की तितके टोले देऊन आत जातो. बाजूला एक लोहार सेकंदासेकंदाला घण मारत असतो. जाणकार माणूस बारा वाजता यायचा, कारण टोले जास्त. तिकिटाचे पैसे पुरेपूर वसूल. त्या अंगणात जमिनीवर बसून, लेकरं मांडीवर घेऊन, शेकडो माणसं एका बाहुल्याची वाट बघायची, आणि तो आत गेला की उठून पाठ झटकून निघायची.

लातूरची गोष्ट वेगळी. लातूरला होती बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी रुळांची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ मध्ये बार्शी-कुर्डुवाडी असा तिचा पहिला टप्पा सुरू केला. १९०६ ला ती पंढरपूरला पोचली, १९११ ला लातूरला, १९२७ ला मिरजेला. त्यामुळे लातूरकरांच्या यादीत पहिलं नाव पंढरपूर, मग मिरजेवरून कोल्हापूर, कुर्डुवाडीला गाडी बदलून पुणे-मुंबई. हैदराबाद त्यांना नांदेडकरांइतकं जवळचं कधीच वाटलं नाही. त्याच जिल्ह्यातलं उदगीर मात्र बिदर-विकाराबादच्या लाइनवर, म्हणून उदगीरकर हैदराबादचे. एकाच जिल्ह्यातल्या दोन गावांची स्वप्नं दोन दिशांना, कारण रूळ दोन दिशांना. माणूस मनानं यादी करतो असं आपण समजतो. माझ्या मते आमच्या यादीचं पहिलं पान रेल्वेच्या वेळापत्रकानं लिहिलं.

लाइन किती आतपर्यंत रुजते ते लातूरनं दोनदा दाखवलं. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून पाण्याची गाडी याच मार्गानं आली, एव्हाना ब्रॉडगेज झालेल्या. आणि २०१७ मध्ये लातूर-मुंबई एक्स्प्रेस आठवड्यातले काही दिवस बिदरपर्यंत वाढवली, तर शहरात आंदोलन पेटलं. बाहेरच्यांना ते हास्यास्पद वाटलं. ज्यांनी त्या गाडीची अनेक वर्षं वाट पाहिली होती त्यांना वाटलं नाही.

मुंबईकडं ओढ वाढायला राजकारणही होतं. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण, असे चार मुख्यमंत्री या दोन जिल्ह्यांतले. यातल्या शेवटच्या दोघांच्या मधला सांधा एका हॉटेलाशी येऊन थांबतो. २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला ताजमध्ये तीन दिवस चालला. तो संपल्यावर मुख्यमंत्री विलासराव पाहणीला गेले, सोबत मुलगा रितेश आणि चित्रपट दिग्दर्शक रामगोपाल वर्मा. टीकेचा भडिमार झाला. पद केवळ त्या भेटीनं गेलं म्हणणं सोपं आहे, पण पुरं नाही. हल्ल्याची जबाबदारी होतीच, गृहमंत्री आर. आर. पाटील यांनीही पद सोडलं होतं. तरी लोकांच्या लक्षात राहिली ती भेट. ८ डिसेंबरला अशोक चव्हाण यांनी शपथ घेतली आणि मुख्यमंत्रिपद लातूरहून नांदेडला आलं. ताजच्या दारातून आत गेल्याचं एवढं मोल आमच्या भागात दुसऱ्या कुणी मोजलं नाही.

त्याच वर्षी, ऑक्टोबरात, नांदेडला शिखांच्या गुरू-ता-गद्दीची त्रिशताब्दी झाली. रस्ते रुंद झाले, घाट बांधले गेले, विमानतळ नवा झाला. आपलं शहर दुसऱ्या कुणाच्या यादीत फार वरच्या जागी आहे, हे नांदेडकरांना तेव्हा डोळ्यांनी दिसलं. गुरू गोबिंदसिंगजी १७०८ साली इथं ज्योतीज्योत समावले. रणजितसिंहांच्या काळात, १८३२ ते १८३७ मध्ये, गुरुद्वाऱ्याची आजची वास्तू उभी राहिली. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक, म्हणून कॅनडातला, इंग्लंडातला शीख आयुष्यात एकदा तरी इथं येतो. तो यात्री निवासात उतरतो, लंगरमध्ये पंगतीला बसतो. बड्या हॉटेलाची चौकशी तो करत नाही.

सचखंड एक्स्प्रेसनं आम्हालाही हेच शिकवलं. नांदेडहून अमृतसरला जाणारी ही गाडी, वाटेत स्टेशनांवर सेवेकरी फुकट लंगर वाढतात. शीख नसलेली कितीतरी कुटुंबं या गाडीनं पंजाब बघून आली. वाटेत आग्र्याला उतरून दुसरा ताज, मग दिल्ली, मग सुवर्णमंदिर आणि वाघा. अमृतसरला मुक्काम अर्थातच सरायमध्ये. २०२४ मध्ये तर स्टार एअरचं विमान नांदेडहून पंजाबातल्या आदमपूरला जायला लागलं.

आता यादी मुलं लिहितात. ‘लातूर पॅटर्न’मधून निघालेली पोरं पुण्याला, बेंगळुरूला, तिथून अमेरिकेला गेली, आणि आईवडिलांच्या यादीत नायगारा आला. सोयाबीनचे पैसे, शिक्षकांच्या वेतन आयोगाची थकबाकी, सेवानिवृत्तीची ग्रॅच्युइटी, यांतून काही जण टूर कंपनीबरोबर युरोपलाही गेले. पण पाहा, अमेरिकेतही मुक्काम मुलाच्या घरीच. लास वेगासची हॉटेलं आमचे लोक रस्त्यावरून चालत बघतात. बेलाजिओसमोरची कारंजी फुकट असतात, ती दोनदा.

बड्या हॉटेलच्या आत पाऊल पडलं ते अखेर हैदराबादलाच. वकार-उल-उमरांनी बांधलेला आणि पुढं सहाव्या निजामाकडं गेलेला फलकनुमा राजवाडा २०१० मध्ये ताज कंपनीनं हॉटेल म्हणून उघडला. आयटीतली मुलं आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला तिथं चहाला नेतात. राहायला नाही, चहाला. माझ्या नात्यातले एक गृहस्थ असे जाऊन आले. एकशे एक माणसं बसतील असं तिथलं जेवणाचं टेबल गाइडनं मोठ्या अभिमानानं दाखवलं. हे म्हणाले, “एवढी तर आमच्या बारशाला एक पंगत उठती.” चहाचं बिल मात्र मुलानं दाखवलं नाही, म्हणून ते अजून शांत आहेत.

नांदेड ते लातूर मात्र अजूनही एसटीनं, लोहा-अहमदपूरमार्गे. रेल्वेनं जायचं तर परभणी, परळी, लातूर रोड असा वळसा. लोह्यावरून सरळ रूळ टाकावेत ही मागणी जुनी आहे. तो मार्ग झालेला नाही, आणि लातूरकरांपैकी कंधारचा किल्ला पाहिलेला माणूस शोधावा लागतो. नांदेडकरांत औसा पाहिलेलाही.