धर्मापुरीचे फोटो आणि हिराइसेचा पाठ

धर्मापुरीच्या भुईकोट किल्ल्यात गेलात तर आधी भिंती बघा. साध्या चिऱ्यांच्या ओळीत मध्येच एखादा कोरीव दगड डोळ्यांत भरतो. हे दगड मुळात किल्ल्यासाठी घडवलेलेच नाहीत. गावातलं केदारेश्वराचं उत्तर चालुक्यकालीन देऊळ अजून उभं आहे, आणि त्याच्या बाह्यांगावरच्या सुरसुंदरी बघायला लोक लांबून येतात. जी देवळं टिकली नाहीत, त्यांचे दगड मात्र पुढच्या बांधकामात खपले.

या भिंतींचा आणि माझ्या कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डाचा काही संबंध असेल, असं मला गेल्या वर्षापर्यंत वाटलं नव्हतं.

केदारेश्वराचे मी चारेकशे फोटो काढले होते. घरी येऊन ते लॅपटॉपच्या एका फोल्डरमध्ये टाकले. तो फोल्डर फोनशी आणि क्लाउडशी जोडलेला होता, म्हणजे एकीकडे टाकलं की तिन्हीकडे दिसणार. तीन ठिकाणी प्रती आहेत म्हणून मी निर्धास्त होतो. कार्ड फॉरमॅट केलं आणि पुतण्याला लग्नाच्या शूटिंगसाठी देऊन टाकलं. दोनेक महिन्यांनी फोल्डर उघडला तर रिकामा. पुतण्याला विचारलं, तर तो सहज म्हणाला, "काका, तुमच्या फोनमधी जागाच नव्हती, म्हणून काढून टाकले. लॅपटॉपात असतीलच की."

ते लॅपटॉपात नव्हते. त्यानं फोनवर डिलीट दाबलं, आणि सिंकनं आपलं काम चोख बजावलं: तिन्ही ठिकाणी सारखं ठेवणं. फोनवर नाही, म्हणून लॅपटॉपवर नाही, म्हणून क्लाउडवर नाही. क्लाउडच्या कचरापेटीत डिलीट केलेली फाईल ३० दिवस थांबते. ते दिवस कधीच उलटून गेले होते.

सिंक आणि बॅकअप यांत आपली गल्लत होते ती इथेच. सिंकला फक्त आत्ताची स्थिती कळते आणि ती सगळीकडे पसरवायची असते. चूकही तो तितक्याच तत्परतेनं पसरवतो. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसनं जगभरचे संगणक कुलूपबंद केले. अशा हल्ल्यात संगणकाला कायम जोडून ठेवलेली डिस्क आणि सिंक होणारा फोल्डर यांचीही बहुधा तीच गत होते. बॅकअपचं काम वेगळं आहे. काल काय होतं, महिन्यापूर्वी काय होतं, हे त्यानं आजच्या आज्ञेला न जुमानता जपायचं असतं.

मग मी कार्ड परत मागवलं. फॉरमॅट केलेल्या कार्डातून फोटो काढणारी सॉफ्टवेअर मिळतात, आणि त्यात जादू काही नसते. घाईचं फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं. पानं जागेवरच असतात, फक्त कुठलं प्रकरण कुठे आहे याची नोंद जाते आणि सगळी जागा ‘मोकळी’ धरली जाते. नवी फाईल आली की ती या मोकळ्या जागेत बसते, धर्मापुरीच्या तटात जुना दगड बसावा तशी. लग्नाच्या फोटोंनी जेवढी जागा व्यापली तेवढ्या सुरसुंदरी गेल्या. दीडशेच्या आसपास परत आल्या, त्यांतल्या काही अर्धवट. फोटोची जेपेग फाईल आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनांत, वरून खाली अशी क्रमानं लिहिलेली असते. त्यामुळे एका फोटोत डोक्यापासून कंबरेपर्यंतची सुरसुंदरी स्वच्छ, आणि खाली नुसता राखाडी पट्टा.

चुकून फाईल डिलीट झाली तर त्या कार्डावर किंवा डिस्कवर पुढे काहीही लिहू नका, असं सांगतात ते यासाठीच. मात्र आताच्या एसएसडी या मोकळी झालेली जागा स्वतःहून पुसून ठेवतात, त्यामुळे तिथे ही आशा फारशी धरू नये.

धर्मापुरीहून अंबाजोगाई लांब नाही. तिथे दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे चाळीस फूट लांब, चार फूट रुंद कापड, आणि त्यावर सोळाव्या-सतराव्या शतकातल्या या कवीनं लिहिलेल्या ओव्या. बघून थक्क व्हायला होतं, पण माझ्यासारख्या पोळलेल्या माणसाच्या मनात वेगळंच येतं: हे कापड एकच होतं. जिथे ते विरलं तिथली अक्षरं गेली.

याउलट गोष्ट लीळाचरित्राची. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या लीळा, म्हणजे आठवणी, म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात जमवल्या. ज्यानं प्रसंग पाहिला त्याच्याकडे जाऊन, विचारून, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेत. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली, असं महानुभाव परंपरा सांगते. ग्रंथ मात्र हरवला नाही, कारण तो माणसांत साठवलेला होता. पंथातल्या हिराइसेला लीळा मुखोद्गत होत्या. इतरांच्याही आठवणीत होत्या. त्यांतून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. आजच्या भाषेत सांगायचं तर मुख्य डिस्क गेली, पण दुसऱ्या माध्यमावर आणि दुसऱ्या गावी प्रत होती.

पण इथेच पुढची अडचण सुरू झाली. प्रत्येकाची आठवण थोडी निराळी, म्हणून लीळाचरित्राचे वेगवेगळे पाठ तयार झाले. संगणकावर याला ‘कॉन्फ्लिक्ट’ म्हणतात. ऑफिसातल्या संगणकावर तुम्ही एक परिच्छेद बदलला, घरच्या लॅपटॉपवर नेट नसताना दुसरा बदलला, आणि मग दोघं भेटले. खरं कोण? शहाणी सॉफ्टवेअर अशा वेळी निवाडा करत नाहीत. दोन्ही प्रती ठेवतात, एकीच्या नावापुढे ‘कॉन्फ्लिक्ट’ असं शेपूट जोडतात आणि तुमच्यावर सोपवतात. जी सॉफ्टवेअर ‘शेवटी बदललेली ती खरी’ असा नियम लावतात, त्यांच्यापासून मी चार हात लांब राहतो. संगणकाचं घड्याळ चुकलेलं असलं की जुनीच प्रत नवीला खाऊन टाकते. पैठणला एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. तेव्हा त्यांच्यापुढे तीन शतकांचे असे कॉन्फ्लिक्ट होते, आणि यात कुणी आपली ओवी घालू नये, असंही त्यांनी बजावून ठेवलं.

दोन प्रती जुळतात की नाही, हे सगळं न वाचता कसं कळतं? समजा तुमच्याकडे एक पोथी आहे, माझ्याकडे दुसरी, आणि मधे फक्त फोन. पूर्ण पोथी वाचून दाखवण्यापेक्षा प्रत्येक पानाला एक आकडा द्यायचा, त्या पानावरच्या अक्षरांच्या किमतींची बेरीज म्हणा. मी माझे आकडे सांगतो, तुमच्याकडे जुळत नसेल तेवढंच पान वाचायचं. पण तुम्ही पहिल्याच पानावर एक ओळ वाढवली असेल, तर पुढचं सगळं खाली सरकतं आणि एकही पान जुळत नाही. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी १९९६ साली ‘आरसिंक’मध्ये यावर तोड काढली. पानांच्या हद्दी सोडून द्यायच्या. पानाएवढी चौकट घ्यायची आणि मजकुरावरून एकेक अक्षर पुढे सरकवायची. दर वेळी नवी बेरीज करायची गरज नाही: मागे सुटलेल्या अक्षराची किंमत वजा करायची, पुढे आलेल्याची मिळवायची. बेरीज जुळली की मग जास्त कडक आकड्यानं खात्री करायची. अशानं ओळ वाढलेली असली तरी खालचा जुना मजकूर ओळखू येतो आणि फक्त नवी ओळ पाठवावी लागते. आमच्या भागात नेट कधी असतं, कधी नसतं, आणि दुपारी लाइट गेली की टॉवरही मान टाकतो. अशा ठिकाणी ही काटकसर फार मोलाची.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी मांडलेला ३-२-१ हा नियम आता सर्वमान्य आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारची माध्यमं, एक प्रत दुसऱ्या जागी. लोक पहिले दोन आकडे पाळतात आणि तिसऱ्याला कंटाळतात. लॅपटॉप टेबलावर, डिस्क त्याच टेबलाच्या खणात. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीत भूकंपानं काय झालं हे आठवणाऱ्या आमच्या पिढीला तरी ‘दुसरी जागा’ म्हणजे दुसरी खोली नव्हे, हे सांगायला नको. २१ जून २०१२ला मंत्रालयाचे वरचे मजले जळाले, तेव्हा कागदी फायलींबाबत हाच धडा मिळाला. आणि हा काही गरिबांचाच प्रश्न नाही. सप्टेंबर २०२५मध्ये दक्षिण कोरियातल्या देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘जी-ड्राइव्ह’मधला ८५८ टेराबाइट मजकूर गेला, कारण त्याची बाहेर प्रतच नव्हती. एवढा मोठा साठा दुसरीकडे ठेवणं जमत नाही, असं कारण पुढे आलं.

कुलपाचं मात्र जपून. डिस्क दुसऱ्याच्या घरी ठेवायची तर पासवर्ड घालून ठेवणं योग्यच. महानुभावांनीही आपल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या. ती किल्ली पंथाबाहेर, इतिहासाचार्य राजवाड्यांसारख्या संशोधकांच्या हाती लागायला विसावं शतक उजाडलं. पंथाकडे निदान जाणती माणसं होती. आपल्या डिस्कचा पासवर्ड त्याच लॅपटॉपमधल्या एका फाईलमध्ये असतो. मी तो कागदावर लिहून बायकोच्या दागिन्यांच्या डब्यात ठेवला आहे.

आता माझी व्यवस्था अशी. रोजच्या कामाचा फोल्डर सिंक होतो, पण जुन्या आवृत्त्या वर्षभर राहतील असं करून ठेवलं आहे. घरी एक हार्ड डिस्क आहे. ती रविवारी जोडायची, प्रत झाली की काढून ठेवायची. अशीच दुसरी डिस्क पुण्याला बहिणीकडे. ती दिवाळीला आणि उन्हाळ्यात माहेरी येते तेव्हा अदलाबदल होते. तिच्या पिशवीत चिवड्याच्या डब्याशेजारी माझी दहा वर्षं प्रवास करतात. दर अदलाबदलीला चार-दोन फाईली उघडून बघतो, कारण न उघडलेल्या बॅकअपवर माझा विश्वास राहिलेला नाही.

प्रत्येक फाईलचा ‘हॅश’ही काढून ठेवला आहे, म्हणजे चौसष्ट अक्षरांची खूण. फाईलमधला एक बिट जरी पालटला तरी ही खूण ओळखू न येण्याइतकी बदलते. परवा तिन्ही ठिकाणच्या खुणा ताडून बघितल्या. धर्मापुरीच्या त्या सुरसुंदरीची खूण तिन्हीकडे अक्षरन्‌अक्षर जुळली: कंबरेपर्यंत ती, आणि खाली राखाडी पट्टा.